नऊ दिवसांचं पाणी

ता. २ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा अगदी बरा आहे असं लिहितेस, आणि खाली चार ओळींवर पुलाच्या पायऱ्या उतरताना दोनदा बसावं लागलं असंही लिहितेस. थाप मारायचीच तर निदान दोन वेगळ्या पत्रांत मारावी. शेजारच्या शिंपीणबाईंना मी कळवलंय, तुझ्यावर लक्ष ठेवतील.

आता खरी बातमी. विधिमंडळात एक विधेयक आलंय. नद्यांची पातळी माणसांनी वाचायची पद्धत बंद करायची आणि सगळ्या पुलांवर यंत्रं बसवायची. म्हणजे तुझ्यासारखे दोनशे बारा वाचक एका सहीत घरी. कायदा करण्याआधी समिती एकेका सरकारी खात्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकते. आमच्या जलखात्यातर्फे कोण बोलणार, ओळख पाहू. तुझी टिटवी! एकोणीस तारखेला. मी साहेबांना म्हटलं की माझी आईच वाचक आहे, लोक नावं ठेवतील. ते म्हणाले, मग ते निवेदनाच्या पहिल्याच ओळीत लिही आणि मोकळी हो. तसं लिहिलंय.

खात्याचं म्हणणं साधं आहे. यंत्रं खुशाल बसवा, पण माणूस काढू नका. पुरावा म्हणून मी तुझाच पूल घेतलाय. दप्तरखान्यात बसून तुझी एक्केचाळीस वर्षांची गाठोडी सोडली. रोज सकाळी आठची नोंद, एकही चौकोन कोरा नाही. माझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा आठला पाणी आणि साडेदहाला मी. पुढे बाळंतपणात बाबांनी मोजणीदाराकडून दुर्बीण मागून आणली आणि तू खिडकीतून पुलाच्या खांबावरची पट्टी वाचलीस, ते मात्र निवेदनात घातलेलं नाही. फार मोह झाला होता.

या न चुकण्याचा मला राग फक्त एकाच बाबतीत आहे. सहा वर्षं झाली, माझं घर तू अजून पाहिलेलं नाहीस. यायला एक दिवस, जायला एक, आणि नदी तुला एकही देत नाही. तुझ्यासाठी घेतलेली खुर्ची खिडकीशी तशीच आहे, तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे टाकते.

लोभ नदीवर आहे त्याच्या निम्मा तरी माझ्यावर ठेव.

तुझी,
टिटवी

---

ता. ६ मार्च

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम टाकून दुकानासमोरून जाणाऱ्या तिघांना सांगितलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मोठ्या लोकांपुढे बोलायचंय तर हळू बोल. लहानपणी तू ओरडायचीस म्हणून तर टिटवी नाव पडलं.

एक सुचवते. खालच्या पुलावरचे मास्तर आहेत, त्यांचं उदाहरण घे ना. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि माणूस देवभोळा. घरच्याच माणसाचं कौतुक कशाला? आणि एकही दिवस न चुकता असं लिहायलाच हवं का? पुष्कळ वर्षं, असं म्हटलं तरी चालेल की. माणूस आहे म्हटल्यावर इकडेतिकडे व्हायचंच.

पाणी आज एकशे चौदा. उतरतंय रोज एका बोटाने. गुडघा बरा आहे. (हे वेगळं पत्र आहे.)

साहेबांना माझा नमस्कार सांग. जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहेच, ती लिहून काय वाढणार.

तुझी,
आई

---

ता. ११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू आणि विनय! शिंपीणबाईंच्या शिवणीतली चूक गल्लीच्या टोकावरून दाखवणारी बाई एकदम माणूस आहे म्हटल्यावर चुकायचंच असं म्हणायला लागली. मास्तरांचा पूल घेता येत नाही. त्यांची नोकरी अवघी बारा वर्षांची. शिवाय निवेदन कालच दाखल झालं, एकवीस प्रती समितीकडे गेल्या. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत आहे तुझी एक्केचाळीस वर्षं.

समितीची खोली आधी बघून आले. लांब टेबल, त्यापलीकडे उंचावर अकरा सदस्य, आणि आपल्या बाजूला एकच खुर्ची, तीही बुटकी. तिथे बसलं की प्रत्येक जण शाळेत उभा केल्यासारखा दिसतो. अध्यक्षबाई खरोखरच निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. प्रत्येक खात्याला तीन मिनिटं, मग त्या घंटी वाजवतात. बोलायचं नसेल तर आम्ही लेखी निवेदनावर कायम आहोत एवढं म्हणून उठायचं. बरीच खाती तेवढंच करतात.

विरोधात यंत्रसामग्री खातं आहे. त्यांचा मुख्य मुद्दा हाच की माणूस चुकतो, माणूस रजा घेतो, माणूस मनाने आकडे लिहितो. म्हणून तर तू हवीस. तुझं एक पान उघडलं की त्यांची बोलती बंद. बाकीच्या दोनशे अकरा माणसांची भाकरी तुझ्या पुलावर टेकलीय, बाईसाहेब, आता लाजून चालायचं नाही.

आशीर्वाद दे, आणि या वेळी मोजून न देता भरपूर दे.

तुझी,
टिटवी

---

ता. १६ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. टपालाचा भरवसा नाही, आणि एकोणीसच्या आत तुझ्या हातात पडायलाच हवं. बसून वाच.

तू चार वर्षांची होतीस. बाबा रस्त्याच्या कामावर लांब गेले होते. तुला ताप चढला तो उतरेना. तिसऱ्या दिवशी तू डोळे फिरवलेस. मी तुला पाठीशी बांधलं आणि मिळेल त्या गाडीने तालुक्याचं इस्पितळ गाठलं. तिथे आपण नऊ दिवस होतो. त्या नऊ दिवसांत मला नदी एकदाही आठवली नाही. परत आले तेव्हा महिना संपायला दोन दिवस होते आणि तक्त्यात नऊ चौकोन कोरे.

तेव्हाचा नियम तुला माहीत आहे, आजही तोच आहे. एक कोरा चौकोन म्हणजे नोटीस, तीन म्हणजे घरी बस. मला कामाला लागून आठच वर्षं झाली होती आणि तुझ्या औषधांचं पुढे सहा महिने चालायचं होतं. मी जायच्या दिवशीचा आकडा बघितला, आल्या दिवशीचा बघितला, आणि मधले नऊ मनाने भरले. रोज एक बोट खाली. दोन टोकं खरी, मधलं सगळं शिवणकाम. तपासनीस आला, त्याने तक्ता बघितला, अक्षर छान आहे म्हणाला.

बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, नदी काही तक्रार करायला येत नाही. ते गेले, आणि मूठ माझ्या एकटीच्या हातात राहिली. तेहतीस वर्षं ती मी घट्ट धरली, कारण एरवी मी एक बोटही इकडचं तिकडे लिहिलेलं नाही. तू न चुकता, न चुकता म्हणत होतीस ते वाचलं आणि मी ताटावरून उठले.

माझं नाव काढून टाकतील तर टाकू देत. बाकीच्या दोनशे अकरा जणांचं माझ्यामुळे वाईट होईल, याने मात्र जीव तुटतो. तरी सांगते. मी लिहिलं ते माझं खोटं होतं. तिथे बसून तू बोललीस की ते तुझं होईल. ते मला नको आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव. माझा लोभ तुझ्या रागाला पुरून उरेल.

तुझी,
आई

---

ता. २० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ड्रायव्हरने पत्र अठराला संध्याकाळी कचेरीतच आणून दिलं. मी ते जिन्यात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. खोटं कशाला सांगू, आधी राग आला. तुझा नाही, माझा. तू मास्तरांचं नाव पुढे केलंस तेव्हाच कळायला हवं होतं.

काल सकाळी साहेबांना सांगितलं. ते पांढरेच पडले. म्हणाले, हे हात दाखवून अवलक्षण आहे. तू नुसतं लेखी निवेदनावर कायम आहोत म्हण आणि ऊठ, तुझ्या तोंडून काहीच खोटं जाणार नाही. मी जवळजवळ हो म्हटलं, आई. मग तिथे बसून तू बोललीस की ते तुझं होईल, ही तुझी ओळ त्यांना वाचून दाखवली. ते लाल पेन काढून म्हणाले, प्रती आण. समितीच्या कारकुनाला विचारून आम्ही दोघांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकवीस प्रतींत तिसरं पान दुरुस्त केलं. माणूस खडूस आहे, पण सोन्यासारखा आहे.

आत वित्त खातं एका वाक्यात उठलं. यंत्रसामग्री खात्याने चक्क यंत्रच टेबलावर आणून ठेवलं, पुसून चकचकीत. मग मी. सांगितलं की आमच्या निवेदनात चूक होती. एक्केचाळीस वर्षांतले नऊ दिवस वाचकाने मनाने लिहिलेत, तिने स्वतः होऊन कळवलंय, ती वाचक माझी आई आहे आणि त्या नऊ दिवसांत ती इस्पितळात माझ्या उशाशी होती. हळू बोलले, तू सांगितल्याप्रमाणे. माझी पाचावर धारण बसली होती, मोठ्याने बोलणं शक्यच नव्हतं.

एक जाड चष्म्याचे सदस्य लगेच म्हणाले, मग ठरलंच, यंत्राला मूल नसतं आणि मुलाला ताप नसतो. सगळे हसले. मी म्हटलं, खरं आहे. दोन वर्षांपूर्वी खालच्या पुलावर चाचणीसाठी लावलेलं यंत्र गाळाने तुंबलं आणि सतरा दिवस एकच आकडा दाखवत राहिलं. ती गोष्ट मास्तरांनी कळवली म्हणून आम्हाला कळली. यंत्राचं पत्र अजून आलेलं नाही. या वेळी हसले ते आपल्या बाजूने.

तेवढ्यात घंटी वाजली. पण अध्यक्षबाईंनीच पुढे विचारलं, तुमच्या आईने चौकोन कोरा का नाही सोडला? मी नियम सांगितला. नियम कोणाचा? म्हटलं, आमच्याच खात्याचा. मागे साहेब खोकले. बाई म्हणाल्या की कोरा पेपर देणाऱ्या मुलाला आपण कधी शिक्षा केली नाही, कारण त्या शिक्षेतूनच कॉपी जन्माला येते. आणि तिथल्या तिथे त्यांनी दुरुस्ती लिहायला घेतली. यंत्रासोबत वाचक राहील. वाचकाला चौकोन कोरा ठेवून शेजारी कारण लिहिता येईल, आणि खऱ्या कारणासाठी त्याला कोणी काढणार नाही. समितीत सात विरुद्ध चार. सभागृहात व्हायचं बाकी आहे, पण बाईंच्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणतात. तुझं नाव काढून टाकायचा विषय कोणी काढलासुद्धा नाही.

मला तो ताप आठवत नाही. कपाळावरचा गार हात आठवतो, आणि तो कुठला हे मला आजवर कळत नव्हतं. कुणाच्या आईची माया विधिमंडळाच्या इतिवृत्तात नोंदलेली असते? माझ्या आईची आहे, पान सत्तेचाळीसवर. ते लिहून घेणाऱ्या बाईंनी डोळे पुसले, मी बघितलं.

रागाचं म्हणशील तर शिल्लक नाही. लोभाला या वेळी मापच नाही.

तुझी,
टिटवी

---

ता. ४ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कायदा झाल्याचं तू कळवलंस, आणि मागोमाग यंत्रही आलं. शिंपीणबाई त्याला जावई म्हणतात. बोलत नाही, हलत नाही, आणि येणारा जाणारा त्याचीच विचारपूस करतो. मी रोज पट्टी वाचून मग त्याच्याकडे बघते. परवा दोन बोटांचा फरक आला. तपासनिसाने येऊन बघितलं, चूक जावयाची निघाली. मी आकडा तक्त्यात लिहिला. शिंपीणबाई बोलल्या.

दप्तरखान्यातून तो जुना तक्ता मागवला होता. तुझे साहेब स्वतः घेऊन आले. माझ्यासमोर बसून त्यांनी मला लाल पेन दिलं. नऊही चौकोनांवर मी आडवी रेघ मारली आणि कडेला लिहिलं, नोंद नाही, मुलगी आजारी होती. रेघ जरा वाकडी आली. तेहतीस वर्षांनी मूठ उघडली, तर बोटं आखडलेलीच राहतात.

आता नीट ऐक. या महिन्याचा तक्ता समोर आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार हे चार चौकोन मी कोरे ठेवणार आहे. जावई बघेल माझ्यामागे. कारणाच्या जागी लिहूनही टाकलंय: लेकीकडे गेले. कायद्यात खरं कारण असं म्हटलंय, आणि याहून खरं मला काही सुचलं नाही. गुरुवारच्या सकाळच्या बसने निघते, ड्रायव्हर ओळखीचाच आहे.

लोभ या वेळी लिहून पाठवत नाही, बरोबरच आणतेय. तेवढे खुर्चीवरचे कपडे उचलून ठेव.

तुझी,
आई