काट्यावर चढलेली घरगाडी

पलूस, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप आक्का,

धाकट्या मानसिंगचा तुझ्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आमी दोघं खुशाल हाय. तुझे गुडघे कसे हायत ते कळव, आणि नुसतं ‘बरं हाय’ असं मोघम नको. (शिवांजली, आजीला वाचून दाखवताना कंसातलं गाळत जा.)

फोन सोडून पत्र का, तर फोनवर कोयनेचं नाव काढलं की तुला लगेच कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि तू फोन ठेवतीस. दिवाळीत मी म्हणालो, मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की आपल्या बुडालेल्या गावात जाऊन येऊ. तू म्हणालीस, गुडघं चालत न्हाईत, आणि चिखल बघायला कोण जातंय. तवाच मी मनात धरलं, आक्का चालणार नसंल तर तिला खोलीसकट न्यायचं.

खोली म्हंजे वाईच्या मधुकर डॉक्टरांची जुनी कॅम्पर ट्रेलर. जीपमागं जोडून ओढायची. आत दोन बाकं, एवढासा ओटा, झोपायला फळी. डॉक्टरांनी पस्तीस वर्षांपूर्वी हौसेनं करून घेतली, पुढं तिच्यात कोंबड्या राहिल्या. मी आणली तवा तळ सडलेला, पत्रा गंजलेला, आणि एक कोंबडी काही केल्या जागा सोडंना. (सुलानं कोंबडीची बाजू घेतली. नवऱ्याची बाजू ती कधी घेत न्हाई.)

दुरुस्तीला दिली कृष्णातकडं. हात चांगला, पण उभ्या जन्मात त्यानं उसाच्या ट्रॉल्याच केल्या. मी सांगितलं, दगडगोट्यांवरनं जायचंय, गाडी उंच कर, स्प्रिंगचे पाटे मजबूत घाल. त्यानं ट्रॉलीचा आख, ट्रॉलीचे पाटे, ट्रॉलीची चाकं बसवली, लाल रंग मारला आणि मागं सवयीनं ‘ऊस वाहतूक’ लिहून टाकलं. अक्षर लय झकास, म्हणून मी पुसायला लावलं न्हाई. आत चढायला आता शिडी लागती.

आपल्याकडं जीप कुठली, म्हणून चाचणीला तानाजीचा ट्रॅक्टर जोडला. तानाजीनं दहा हंगाम एकच रस्ता मारलाय, शेतातनं कारखाना. मी आणि सुला चहा सांडतो का बघायला आत बसलो. चहा सांडला न्हाई, उलट दोघांना झकास डुलकी लागली. जाग आली तर मागंपुढं उसाच्या गाड्या, आणि आमी कारखान्याच्या वजनकाट्यावर. काट्यावरच्या बाबूनं दार उघडलं, तर आत ऊस न्हाई, म्हातारा-म्हातारी. तो म्हणाला, भरल्या गाडीचं वजन झालंय, आता रिकामीचं झाल्याबिगर बाहेर सोडता येत न्हाई. मी सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, नियमापुढं काय बोलणार? शिडी लावून उतरलो. पावती निघाली, निव्वळ ऊस एकशे एकोणचाळीस किलो. बाबूनं विचारलं, नवी लागण का खोडवा? मी म्हणालो, खोडवा. (शिवांजली, तू कॉम्प्युटर शिकतीस म्हणून सांगतो, एकदा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटून येतो तो खोडवा.) यातला माझा वाटा किती हे मी गावभर सांगतोय म्हणून सुला माझ्याशी बोलत न्हाई.

पण आक्का, त्या रांगेत उभं राहून मला गाव सोडलेला दिवस डोळ्यापुढं आला. तू बारा वर्षांची, मी तिनाचा, बैलगाडीत भांड्याकुंड्यांवर बसलेलो. पाणी येणार हे ठाऊक असून आईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, दार ओढून घेतलं आणि कडी लावली. अंगणातला फणस वळणापर्यंत दिसत होता. मला अजून सगळं जसंच्या तसं आठवतं. फार वाईट वाटलं.

असो. आष्ट्यात सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद सांग.

तुझा,
मानसिंग

ता. क. तुला शिडी चढायची न्हाई. मागनं उतरती फळी केलीया, खुर्चीसकट आत घेऊ. उशाशी खिडकी हाय.

ता. क. आणखी एक. वर लिहिलं ते खोटं हाय आक्का. मला फणस आठवत न्हाई, घर न्हाई, कडीबी न्हाई. सगळं तूच सांगितलेलं. साठ वर्षं मी हूं हूं करत आलो, गाव आठवणारी तू एकटीच उरलीस असं तुला वाटू नये म्हणून. गेल्या मे महिन्यात मी कुणाला न सांगता पायी जाऊन आलो. चिखलात घरांची दहा-बारा जोती उघडी पडलेली. आपलं कुठलं ते मला कळंना. शेवटी एका जोत्यावर बसून भाकरी खाल्ली आणि परत आलो. ते आपलंच होतं का दुसऱ्या कुणाचं, तेवढं सांगायला चल.