दात आवळू नका

आबा, माझा उजवा हात गेला. म्हणजे जागेवर आहे, खांद्याला लोंबतोय, पण माझं ऐकत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, आधी तरी कुठे ऐकत होता! सकाळी दाढी करताना मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, मी मोरीतच आडवा झालो आणि डोळे उघडले ते दवाखान्यात. पाय हळूहळू आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, हात मात्र मेला. तांबट आळीतली तुमची ऐरण मीच चालवत होतो. हाताशिवाय तांबट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. हे डाव्या हाताने लिहितोय, कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं अक्षर आलंय, चालवून घ्या.

गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात नवीन यंत्र आलंय. डोक्याला तारांची टोपी घालतात, केसांत गार जेल चोपडतात आणि मेलेल्या हातावर यंत्राचा पंजा चढवतात. समोरच्या पडद्यावर ‘मूठ मिटा’ असं आलं की आपण मनातल्या मनात मूठ मिटायची. टोपीला डोक्यातला तो हुकूम कळला की पंजा आपली बोटं धरून मिटवतो. असं करत करत मेंदूला वाट सापडते म्हणे, आणि मग पंजाशिवायही हात हलतो. पहिल्यांदा तो पंजा चढवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही असाच माझ्या हातावर हात ठेवून हातोडा चालवायला शिकवलंत. ठोका चुकला की त्याच बोटांवर लाकडी मोगरी बसायची. “आवाज काढायचा नाय. दात आवळ!” एकदा नख उपसून आलं, तरी मी दात आवळून उभा होतो. रडलो असतो तर दुसऱ्या बोटाचं निघालं असतं.

यंत्र ढिम्म हलेना. तिथे व्यायाम करून घेणारी मुलगी आहे, ती रोज एकच सांगायची, “काका, दात आवळू नका. जबडा ताणला की त्याचाच गोंगाट तारांत शिरतो, मेंदूचं काही ऐकूच येत नाही.” मी म्हणालो, “बाई, दात न आवळता मूठ वळते कशी?” चेष्टा नव्हती, मला खरंच कळत नव्हतं. जन्मात कधी तसं केलंच नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता लवकर काही दिसलं नाही तर हाताची आशा सोडा. यंत्र उचलून आपटावंसं वाटायचं. ते जमत नव्हतं, मग घरी येऊन बायकोवर राग. डाव्या हाताने ताट भिरकावलं, वरण भिंतीवरून ओघळलं. तिने भिंत पुसली आणि म्हणाली, “डावा तर झकास चालतोय की!”

मग एक दिवस पडद्यावर ‘मूठ मिटा’ आलं आणि मला तो हंडा आठवला. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. हंडा मी बिघडवला आणि मारलंत तुम्ही आईला, असलं पोर जन्माला घातलं म्हणून. केस धरून तिचं तोंड ऐरणीच्या ओंडक्यावर आपटलंत. ती किंचाळली. तिच्या ओठातून रक्त आलं आणि मी हातोडा तुमच्या डोक्यावर उगारला. तुम्ही मान वर केलीत. “मार,” म्हणालात, “मार की, नामर्दा!” माझी बोटं उघडली, हातोडा फरशीवर पडला. नंतर तुम्ही आळीभर हसून सांगितलंत, पोरगं भ्यालं. आबा, दवाखान्याच्या खुर्चीत बसून मी तो हातोडा मनातल्या मनात खाली आणला. तोंड उघडं, जबडा सैल. तुमची कवटी फुटली, आणि पंजा खाडकन मिटला. मुलीने टाळ्या वाजवल्या. “काय आठवलंत काका? रोज तेच आठवा!” मी थाप मारली, “पाण्याचा पेला उचलला.” मग रोज तेच. कधी कपाळावर, कधी मानेवर, कधी तुम्ही पडल्यावरही. तुम्ही रोज मरत होता आणि माझा हात रोज थोडा जगत होता. मजा येत होती, खोटं कशाला बोलू!

काल दुपारी बायको नेहमीसारखी माझ्या मुठीत आपली बोटं घालून बसली. “दाबा,” म्हणाली. मला तुम्ही दिसलात आणि मूठ वळली. टोपी नाही, पंजा नाही, माझी मूठ! “अगं बाई, आलं! दाबा, अजून दाबा!” ती हसत होती, रडत होती. मग तिचा चेहरा बदलला. “अहो, सोडा आता. लागतंय. सोडा ना!” सुटेना. मला मिटायचंच तेवढं जमत होतं, उघडायचं अजून शिकवलं नव्हतं. तिची बोटं पांढरी पडली. मी घाबरलो, दात आवळले, तशी मूठ अजूनच घट्ट झाली. ती किंचाळली, अगदी आईसारखी. समोर तुम्ही मान वर करून बघत होता, मार म्हणत होता. या वेळी मी मारलं नाही. हातोडा सोडून दिला. मग तिची बोटं एकेक करून सुटली.

तुम्ही आळीभर सांगितलंत ते खरंच होतं, आबा, मी भ्यालो होतो. पण तुम्हाला नाही. हात खाली आला तर मी तुमच्यासारखा होईन, याला भ्यालो होतो. कालही त्या भीतीनेच मूठ उघडली. हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, आणि तुम्ही जिवंत असता तर यातलं एक अक्षर तुमच्या तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती. बायकोची बोटं काळीनिळी झालीत. आता ओट्यावर बसून ती शेजारणींना दाखवतेय, “बघा, यांच्या हातात केवढी ताकद आली!” मी आतल्या खोलीत उजवा हात मांडीखाली दाबून बसलोय. तिने दोनदा हाक मारली, मी गेलो नाही.