न धुतलेला पंप

चि. रक्षा,

मोठ्या भावाचा आशीर्वाद लिहाची आज लाज वाटते.

तुह्या कपाशीची पऱ्हाटी बियाण्यानं नाई, माह्या फवारणीच्या पंपानं बिघडली. संत्र्याची फळगळ थांबवाले मी बंडूजीच्या दुकानातून टू-फोर-डी आणलं होतं, तणनाशकच ते. शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम, एवढुसं औषध. बंडूजीनं बजावलं होतं, ह्या औषधाचा पंप पऱ्हाटीवर नेऊ नका, थेंबानंही तिची पानं चिरतात. दुसऱ्याच दिवशी तू घाईत पंप मागाले आली. मी एकदा साध्या पाण्यानं खंगाळला अन् तुले देल्ला.

आठ दिवसांनी तू पान घेऊन आली, बोटांसारखं चिरलेलं. "दादा, असं काऊन झालं?" मी पाहताच ओळखलं, तरी म्हटलं, "बियाणं बोगस असंन." बियाणंही बंडूजीकडचंच. तू त्याच्याशी चारचौघांत भांडली, अन् मी तुह्या बाजूनं शिव्या देल्ल्या. त्यानं माह्याकडे पाह्यलं अन् दुकानाचं शटर ओढलं.

यंदा माह्या झाडांखाली फळ पडलं नाई. संत्री नेताना तू म्हणाली, "दादा, तुह्या हाताले यश आहे."

काल तू तुरीवर फवाराले पंप मागितला. ते औषध तुरीलेही जाळते, म्हणून मी म्हटलं, बिघडला.

पंप चांगला आहे, रक्षा.

तुहा दादा,
निकेश