अजून पाच मिनिटं

नौदल रुग्णालय, दुसरा मजला
१४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. खाऱ्या पाण्याने सोललेली पाठ भरत आली आहे. जेवण जातं. डॉक्टर शनिवारी सोडतो म्हणतात.

वरची खोली माझ्यासाठी रिकामी केलीत, धाकटीने खिडक्या पुसल्या, हे वाचलं. ‘शेवटी तुम्ही जवळ होतात, एवढाच आधार,’ असं लिहिलंत. त्या खोलीत येण्याआधी मला हे सांगायला हवं.

जहाज बुडाल्यावर आम्ही चौदा जण एका तराफ्यापाशी उरलो. तराफा सातांचा. मग पाळ्या लावल्या: अर्धा तास वर, अर्धा तास पाण्यात, कडेचा दोर धरून. घड्याळ माझं एकट्याचंच चालू होतं. वेळ मी सांगायची, हे दादानेच ठरवलं. “हा लहानपणापासून काटेकोर,” म्हणाला.

पहिला दिवस मी काटेकोर होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर होतो, दादा पाण्यात. अंगावर ऊन होतं. पाय पहिल्यांदाच कोरडे झाले होते.

“काय रे, झाली का वेळ?”

“अजून पाच मिनिटं.”

“सासरी निघाल्यासारखं चाललंय तुझं घड्याळ!”

सगळे हसले. मीही हसलो. वेळ होऊन दहा मिनिटं झाली होती.

त्याने पुन्हा विचारलं नाही. मला बरं वाटलं. नंतर वाकून पाहिलं, तर त्याच्या जागी नुसता दोर होता. मी आधी हाक मारली नाही. आधी ओरडलो, “वेळ झाली!”

कुणालाच संशय आला नाही. अहवालात लिहिलंय, मी वेळ नीट सांभाळली म्हणून नऊ जण वाचलो. तुम्हाला मी सांगितलं, दादाला झोप लागली. लागलीही असेल. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

तो इतका दमला होता की तसाही टिकला नसता, असं एक वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं आहे.

शनिवारी मी येत नाही. गोदीजवळ राहायची सोय झाली आहे. मुलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. बोलवाल तेव्हा येईन, शिव्या द्यायला बोलावलंत तरी.

तुम्ही मला भाऊजी म्हणता. यापुढे म्हणायचं की नाही, तेही तुमच्याकडे.

दादाचा धाकटा भाऊ