संगीताचं नाव घेतलंस तेव्हा

प्रिय गयाअक्का,

तुला जाऊन आज महिना झाला, आणि मी तुला पत्र लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुने, मुकुंदवाडीला यायला रिक्षा मिळंना का, म्हणून कागद काळे करायलीस?" मिळते गं रिक्षा. यायला तोंड नाही, म्हणून लिहितेय.

आज औरंगपुऱ्यातल्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात एक प्रश्नावली आली. परदेशातल्या एका मोठ्या संस्थेची. बायकांना बरोबरीनं जगता यावं म्हणून आम्ही देशोदेशी मदत करतो, त्यात आमचं काय चुकतं ते सांगा, म्हणतात. दोन पानं मी सवयीनं भरली. तिसऱ्या पानावर विचारलं होतं: बायका प्रशिक्षणाला येतात तेव्हा त्यांची लहान मुलं कोण सांभाळतं? त्यापायी घरातल्या मुलीची शाळा सुटते का?

पेन खाली ठेवलं मी. अक्का, हा तर तुझा प्रश्न!

तुला आठवतं, स्टेशनामागच्या समाजमंदिरात आपला शिवणवर्ग होता? अकरा ते चार. मशिनी नव्या कोऱ्या, भिंतीवर सबलीकरणाचा फलक, आणि हजेरीवहीत तुझी वळणदार सही. बाकीच्या अंगठा उठवायच्या तेव्हा तू मुद्दाम सावकाश सही करायचीस. मला चिडवायचीस, "नळाला आठ दिसाला पाणी येतंय, सुनीच्या तोंडाला मात्र रोज इंग्रजी येतंय!" मलाही त्या इंग्रजीचा ताठा होताच.

आणि दारात उभ्या असायच्या पोरी. चार-पाच जणी, प्रत्येकीच्या कडेवर एक लेकरू. त्यात तुझी संगीता, सातवीतली, धाकट्याला घेऊन. त्या शाळेच्या वेळेला इथं काय करतात, हे मी रोज बघत होते आणि मला दिसत नव्हतं. आमच्या तक्त्यात किती बाया शिकल्या याचा रकाना होता. त्या पोरींचा नव्हता.

मग वर्गाला पैसे देणाऱ्या परदेशी मॅडम बघायला आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, तुमचं बोलणं इंग्रजीत सांगायचं काम माझं. रांगोळी काढली, शेजारून कपबशा मागून आणल्या. साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "तक्रारी नकोत, पुढच्या तीन वर्षांचे पैसे यावर ठरणार आहेत." फोटोच्या वेळी मीच दारातल्या पोरींना हाकललं. मागं गर्दी दिसते, साहेब म्हणाले. संगीता कोपऱ्यात सरकून उभी राहिली.

मॅडमनी विचारलं, आणखी काय हवं? तू उठलीस, पदर खोचलास आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "ह्या बाईला सांग, आम्ही इथं शिवण शिकायलोत, पर आमच्या पोरींची शाळा सुटायली. माझी संगीता घरी बसली. हेडबाई म्हणल्या, दिवाळीपस्तोर नाव ठिवते. लेकरं सांभाळाया एक बाई द्या म्हणावं. नायतर ह्या मशिनी घिऊन जा!"

आणि मी इंग्रजीत काय सांगितलं, ठाऊक आहे? मी सांगितलं, या म्हणतात, शिवण शिकून खूप धीर आला. त्यांच्या मुलीलाही, त्या कोपऱ्यातल्या संगीताला, आईचा फार अभिमान वाटतो.

मॅडम हसल्या. संगीताकडं बघून त्यांनी हात हलवला. तू उत्तराची वाट बघत उभीच होतीस.

त्या संध्याकाळी सतरंज्या गुंडाळताना तूच माझी समजूत काढलीस. "जाऊ दे सुने. एवढ्या लांबून आली बाई, न्हाई म्हणताना हसून तर म्हणली." तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी! मॅडमची गाडी गेली होती, पण मॅडम दोन दिवस शहरातच होत्या. मी सतरंजी गुंडाळत राहिले. माझी नोकरी, साहेबांचा राग, आणि खरं सांगू? ही गोष्ट मला लहान वाटली होती. एवढ्या मोठ्या कामात लेकरं सांभाळायचं काय घेऊन बसायचं, असं.

दिवाळी झाली. हेडबाईंनी संगीताचं नाव पटावरून काढलं. तू पुन्हा कधी विषय काढला नाहीस, आणि माझी 'सुनी'ची 'सुनंदाबाई'ही केली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू उलट प्रत्येक संक्रांतीला माझ्यासाठी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात घालून पाठवलीस. ती मी कशी खाल्ली, माझं मला माहीत. आणि शेवटचा तो ताप अंगावर काढलास! मला एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?

तुझ्या दहाव्याला संगीता माझ्याजवळ येऊन बसली. पुंडलिकनगरात एका पाळणाघरात आता तीच लोकांची लेकरं सांभाळते. म्हणाली, "मावशी, आईनं त्या दिवशी माझ्या शाळेचं सांगितलं व्हतं ना? त्या बाईनं ऐकून हात हलवला. मी लई दिवस वाट बघितली. मला वाटलं, काहीतरी करतीलच." मग स्वतःच म्हणाली, "त्यांना तरी किती जणींचं बघायचं असंल." मी मान हलवली, अक्का. तुझ्या पिंडाजवळ बसून मी दुसऱ्यांदा तेच केलं.

आज ती प्रश्नावली वाचल्यापासून एकच डोक्यात आहे. कुठल्यातरी दूरच्या देशात एखादी गयाअक्का उठून उभी राहिली असणार. तिच्या शेजारच्या सुनंदानं तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं असणार. आणि ऐकणारीनं ते लिहून घेतलं. म्हणजे लिहून घेतात, गं! आपल्या मॅडमच्या हातातही वही होती. पेन उघडंच होतं.

पुढच्या महिन्यात या प्रश्नावलीवर बोलायला बैठक आहे. तिथं तुझं बोलणं मी 'मशिनी घिऊन जा' इथपर्यंत सांगेन, आणि ते त्या दिवशी कुणी गिळलं तेही. संगीता आली तर तिला बोलू देईन आणि तिचा एक शब्दही इकडचा तिकडं करणार नाही.

पण त्याआधी उद्या मी मुकुंदवाडीला येतेय. तुझ्या उंबऱ्यावर बसून संगीताला सांगणार आहे, की ती बाई तुला नाही म्हणाली नव्हती पोरी. तिच्यापर्यंत तुझी शाळा पोचलीच नव्हती, मी मध्ये उभी होते.

मग तिनं मला घरात घेतलं नाही तरी चालेल.

तुझी,
सुनी