इंजिनाखालचं कव्हर

३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून दमते, म्हणून पत्र. खोकला कमी झाला का?

परवा एका गोठ्यावर जाताना गाडीचं पोट रस्त्याला घासलं. इंजिनाखालचं ते काळं प्लास्टिकचं कव्हर एका बाजूने लोंबायला लागलंय. तारेने बांधलंय, पण गाडी अशी फडफडत जाते की मी पोहोचायच्या आधीच गुरं कान टवकारतात. इथला मेकॅनिक म्हणतो, काढून टाका, कशाला हवंय ते लोढणं. मला वाटतं, कंपनीने उगाच लावलेलं नसणार. तू चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलास, तूच सांग. ठेवू की काढू?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ढबी

८ जुलै

चि. ढबीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला गेला. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी माणसाची चौकशी केली, धन्य वाटलं.

कव्हर डोळे मिटून काढ. त्याच्यामुळे तेल गळलेलं दिसत नाही, आणि तेल बदलायचं म्हटलं की ढीगभर स्क्रू उघडत बसा. माझ्या गॅरेजात आलेल्या एकाही गाडीला मी ते राहू दिलं नाही.

गॅरेज विकल्यापासून माझा दिवस फार लांब झालाय. दुपारी दोन वाजता वाटतं, संध्याकाळ कधीची व्हायला हवी होती.

लोभ आहेच, तक्रारीही कळवत जा.
दादा

२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागात लिहितेय, तेव्हा नमस्कार वरवरचा समज.

तुझं ऐकून कव्हर काढलं. काल सकाळी निरोप आला, गाय अडलीय, वासराचा पाय मागे दुमडलाय. निघाले. खडीच्या रस्त्यावर खालून खाडकन आवाज झाला, लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग वळेना. खडा उडून इंजिनाच्या पट्ट्यात अडकला होता, पट्टा निसटला होता. गाडी तिथेच सोडली, पिशवी खांद्याला मारली आणि अर्धा तास चिखल तुडवत गेले. गाय आडवी पडली होती. मालकीणबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मला बघून रडायलाच लागली.

कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ केला, वासरू ओढून काढलं, तर ते निपचित. नाकात काडी घातली, चोळचोळ चोळलं, तेव्हा कुठे शिंकलं. दोघं वाचली. आणखी दहा मिनिटं गेली असती तर वाचली नसती. मेकॅनिक आता म्हणतो, कव्हर असतं तर खडा वर आला नसता. त्याला काय बोलायचं ते बोलले. पण दादा, तू इतकं ठासून कसं सांगितलंस?

ढबी

७ ऑगस्ट

चि. ढबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. चूक माझी.

गॅरेज नवीन होतं तेव्हा एका मास्तरांची गाडी माझ्याकडे यायची. तेल गळून कव्हरातच साचत होतं, जमिनीवर डाग नाही, म्हणून मला कळलं नाही. इंजिन जाम झालं. मास्तर पुन्हा कधी आले नाहीत. तेव्हापासून मी कव्हरांवर राग काढत आलो. तू कसल्या रस्त्यांवरून जातेस, हे विचारायचंही सुचलं नाही.

जुनं कव्हर टाकलं नसशील तर ठेव. फाटलेली बाजू सांधता येते, आणि तेल सोडायच्या बोल्टखाली तळहाताएवढी झडप कापली की गळतीही दिसेल. शनिवारी येतो. घ्यायला येऊ नकोस, तुझी गुरं बघ.

तुझा शरमिंदा,
दादा

२० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि., या वेळी मनापासून.

तू कव्हर बसवून गेल्यापासून खडीवरून चारदा जाऊन आले. गाडी कुरकुरली नाही, की खाली तेलाचा थेंब नाही.

तू गाडीखाली होतास तेव्हा मेकॅनिक दोन तास उकिडवा बसून बघत होता, आठवतंय? काल तो घरी आला. त्याच्याकडे तीन गाड्या उभ्या आहेत आणि एकीचंही दुखणं त्याला सापडत नाहीये. तुम्ही आठवड्यातून दोन दिवस याल का, असं विचारायची त्याला लाज वाटत होती, म्हणून मला मध्यस्थ केलं. मी तुला न विचारताच हो म्हणून टाकलंय. वरची खोली झाडून ठेवली आहे. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव.

तुझी आगाऊ,
ढबी

२४ ऑगस्ट

चि. ढबीस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो. त्याला सांग, तोवर एकाही गाडीला हात लावू नकोस.

पत्र आटोपतं घेतो. हत्यारांच्या पेटीतले पाने गंजलेत, ते पुसायला बसायचंय.

दादा