झोपेवर पहारा

स्पिट्सबर्गन बेट, १२ नोव्हेंबर १८९६
दाजी पुन्हा झोपलेले सापडले! शेगडीपाशी, हातात बूट, तोंड उघडं. हलवून उठवलं. इथे हिवाळ्यात झोप म्हणजे मरण — ट्रोम्सो बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. फार झोपलं की स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, दात हलतात, मग माणूसच जातो.

उत्तर ध्रुवाच्या मोहिमेची मंडळी उन्हाळ्यात येतील. तोवर त्यांचं कोठार राखायला आम्ही दोघंच. कोठाराचं काय एवढं! मला दाजींना राखायचंय. गुरीनाताईला धक्क्यावर तसा शब्द दिलाय.

१९ नोव्हेंबर
जुन्या शिकाऱ्यांची युक्ती काढली. दोराला गाठी मारायच्या, सोडवायच्या, पुन्हा मारायच्या — म्हणजे डोळा लागत नाही. दाजी म्हणाले, "तुझ्या बहिणीशी बांधली ती एक गाठ पुरे नाही का?" तरी बसले. थोड्या वेळात घोरायला लागले.

४ डिसेंबर
दाजींचं स्वप्न: ताई बर्फावर चादरी वाळत घालतेय. चादरींत वारा भरला, त्यांची शिडं झाली आणि आमची झोपडीच हळूहळू घराकडे निघाली. "तू उठवलंस, नाहीतर पोचलोच होतो."

मी रागावलो. पण मग दिवसभर मलाही झोपडी सरकतेय असंच वाटत राहिलं. शेगडीजवळ बसून वाट बघत होतो, आता घरचा धक्का येईल. बरं वाटत होतं.

नाताळ
दाजींनी चांदण्यात रेनडिअर मारलं. काळीज तिथेच कच्चं खाल्लं, दाढीला रक्त! "खा रे मेहुण्या, कोमट आहे तोवर." मी तोंड फिरवलं. मोहिमेचं खारं मांस आहे, बिस्किटं आहेत, माणसासारखं खावं की!

७ जानेवारी
झोपत नाही. मी झोपलो तर दाजींना कोण उठवणार? उघड्या डोळ्यांनीच गाईंच्या घंटा ऐकू येतात, बर्फाखालून. आमची तांबडी त्यांत आहे, तिची घंटा मी ओळखतो. पाय जड झालेत. थंडीनंच.

२० जानेवारी
दाजी चिडले. "अंतोन, झोप आता. तोंड बघ तुझं, पिठासारखं झालंय."
"माझं सोडा. गाठी घ्या."
"गाठी घाल चुलीत!" म्हणाले आणि कूस बदलली.
मला भीती वाटते. हे गेले तर ताईला कुठल्या तोंडानं भेटू? शेगडीशी बसून रडलो. ते घोरतच होते.

२ फेब्रुवारी
दक्षिणेला गुलाबी पट्टा! तीन महिन्यांच्या रात्रीनंतर पहिला उजेड. दाजींना उठवून दाखवला. ते बाहेर जाऊन चक्क नाचले. मी दारातच बसलो. पट्ट्यात ताईचं स्वयंपाकघर दिसलं, चुलीवर दूध तापत होतं.

३ फेब्रुवारी
बिस्किट चावताना दात निघून हातात आला. दुखलंही नाही. शेजारचाही हलतोय. दाजी रेनडिअरचं कच्चं मांस खाऊन गाढ झोपलेत, गाल लाल आहेत. आणि मी तर नाताळपासून नीट झोपलेलोच नाही.